विश्लेषण : तलावात पोहताना मगरीपेक्षा तळाची धास्ती जास्त का हवी?

मे महिना म्हणजे धरणे तळाला आणि गर्दी काठाला. पवना, मुळशी, पानशेत असो की विदर्भातले एखादे मालगुजारी तळे, सुट्टीच्या दिवशी काठावर गाड्या लागतात, चूल पेटते आणि तासाभरात कोणीतरी शर्ट काढून पाण्याकडे निघतो. उतरण्याआधी स्थानिकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘पाण्यात साप, मगर काही नाही ना?’ समोरून ‘नाही’ असे उत्तर आले की सगळे निर्धास्त होतात.

प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नसावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात पाण्यात बुडून ३८ हजारांहून अधिक जणांचा मृत्यू झाला. यात नद्या, विहिरी, कालवे सगळे आले. देशभरातील मगरींच्या हल्ल्यांतील मृत्यू एकत्र केले तरी ते या आकड्याच्या आसपासही जात नाहीत. तलावात जीव जातो तो बहुतेक वेळा न दिसणाऱ्या तळामुळे, आणि काठावर उभ्या असलेल्यांना नेमके काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे. म्हणून आधी तळाबद्दल बोलू, मग मगरीबद्दल.

धरणाच्या पाण्याखाली नेमके काय असते?

आपण ज्याला तलाव म्हणतो त्यातले महाराष्ट्रातले बहुसंख्य जलाशय नैसर्गिक नाहीत. धरण बांधून अडवलेले ते खोरे आहे. म्हणजे पाण्याखाली घाटाचा उतार आहे, जुना रस्ता आहे, बांध आहेत, विहिरी आहेत, तोडून उरलेली झाडांची खोडे आहेत. पवना धरणाच्या पाण्यातले वाघेश्वर मंदिर दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. उजनीचे पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर दिसू लागते आणि फोटो काढायला झुंबड उडते. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी हे गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव, मे महिन्यात डोके वर काढते आणि विस्थापित गावकरी तिथे पुन्हा जमतात.

हे फोटो आपण हौसेने शेअर करतो. पण त्याच फोटोंतली एक गोष्ट पोहणाऱ्यांनी लक्षात घेतली पाहिजे. मंदिर पूर्ण उघडे पडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी त्याचा कळस किंवा भिंत पाण्याखाली हातभर खोलीवर असते. तेव्हा ती काठावरून दिसत नाही. जे मंदिराचे, तेच विहिरीच्या कठड्याचे आणि सागाच्या खुंटाचे.

सह्याद्रीतल्या खोऱ्यांत आणखी एक अडचण आहे, भातखाचरांची. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी केलेली ही शेते जशीच्या तशी पाण्याखाली गेली. त्यामुळे काठावरून चालत आत गेलात तर बरेच अंतर पाणी गुडघाभरच लागते, जमीन सपाट वाटते, विश्वास वाढतो. मग खाचराचा बांध संपतो आणि पुढच्या पावलाला जमीन एकदम मीटरभर खाली असते. तिथून आणखी पुढे मूळ नदीचे पात्र असेल तर उतार थेट खोल जातो. ‘गुडघाभर पाण्यात उभा होता आणि अचानक दिसेनासा झाला’ असे वाक्य बातम्यांत वारंवार येते, त्याचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा इतके साधे असते. त्यात भोवरा नसतो आणि कोणी ओढून नेलेलेही नसते.

शिवाय हा तळ तुमच्यासाठी दर आठवड्याला बदलतो. पाण्याची पातळी रोज खालीवर होत असल्याने मागच्या रविवारी जिथे छातीएवढे पाणी होते तिथे आज कंबरेएवढे असेल किंवा डोक्यावरून जाईल. ‘आम्ही इथे नेहमी येतो’ हा दिलासा नदीच्या घाटावर काही अंशी चालू शकतो. धरणाच्या फुगवट्यात तो चालत नाही.

गावतळ्यांचे काय?

तिथे वेगळा प्रकार आहे. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की गाळ आणि मुरूम काढला जातो. गाळ काढणे गरजेचेच आहे, त्याने साठवण वाढते आणि शेताला सुपीक माती मिळते. पण पोकलेनने उपसा केलेल्या जागी उभ्या भिंतींचे खड्डे राहतात. जूनमध्ये पाणी भरले की पृष्ठभाग सगळीकडे सारखाच दिसतो. गेल्या वर्षीपर्यंत ज्या तळ्यात मुले उभी राहून खेळत होती त्याच तळ्यात यंदा मधोमध दोन पुरुष खोलीचा खड्डा असतो आणि मुलांना कोणी सांगितलेले नसते. उपसा कुठे झाला हे गावातल्या कोणाला ना कोणाला माहीत असते. त्या जागी बांबू रोवून लाल कापड बांधायला शंभर रुपयेही लागत नाहीत.

डोळ्यांना खोली चुकीची का दिसते?

शाळेत शिकलेले अपवर्तन इथे कामाला येते. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३. म्हणजे सरळ वरून पाहिले तर चार मीटर खोल तळ तीन मीटरवर असल्यासारखा भासतो. काठावरून तिरके पाहिले तर तो आणखी उथळ वाटतो. स्वच्छ पाण्यात ही फसवणूक जास्त होते, कारण गढूळ पाण्यात निदान तळ दिसतच नाही आणि माणूस बिचकतो.

याचा दुसरा भाग म्हणजे उडी. तीन मीटर उंचीच्या खडकावरून सूर मारला तर पाण्याला टेकताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. खाली पाणी पुरेसे असेल तर काही होत नाही. अर्ध्या मीटरवर खडक किंवा खुंट असेल तर मानेचा मणका मोडतो. असा माणूस बुडतो तो पोहता येत नाही म्हणून नव्हे, हातपाय हलत नाहीत म्हणून. रील्समध्ये दिसणाऱ्या सूर मारण्याच्या जागा कोणी आधी तपासलेल्या असतात की नाही, ते रीलमध्ये दिसत नाही. नियम एवढाच, अनोळखी पाण्यात पहिल्यांदा पायांनी, चालत, हातात काठी घेऊन उतरायचे. काठीने पुढचे पाऊल चाचपायचे. गावाकडची जुनी माणसे हेच करतात.

गाळात पाय रुतला किंवा वेलीत अडकला तर?

दोन्ही ठिकाणी झटापट हाच शत्रू आहे. गाळात रुतलेला पाय जोराने वर ओढला की त्याच्याखाली पोकळी तयार होऊ पाहते, तिथे लगेच हवा किंवा पाणी पोहोचत नाही आणि गाळ पाय धरून ठेवतो. एक पाय सोडवायला दुसऱ्यावर जोर दिला की तोही खाली जातो. त्याऐवजी मागे रेलावे, हात पसरून वजन पाण्यावर टाकावे, पाय हळूहळू मागेपुढे हलवून भोवती पाणी शिरू द्यावे आणि मग ज्या दिशेने आत आलात त्याच दिशेने पाठीवर सरकत निघावे. तलावाची पातळी झपाट्याने उतरत असताना काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि आत लोण्यासारखा असतो. जनावरे तिथे अडकतात, माणसेही अडकतात.

पाणवनस्पतींचेही तसेच. वर तरंगणारी जलपर्णी दिसते तरी, खालून वाढणारे हायड्रिलासारखे शेवाळ दिसत नाही. ते पायाला लागले की ‘कोणीतरी धरले’ असे वाटते आणि माणूस लाथा मारू लागतो. जेवढ्या लाथा, तेवढे वेढे. पाय स्थिर ठेवून, फक्त हातांनी हळू पाणी कापत मागे फिरले तर वेली सहसा निसटून जातात.

निसटत नाहीत ती मासेमारीची जाळी. जलाशयांत मच्छीमार सोसायट्या नायलॉनची जाळी सोडतात. पाण्यात ती जवळजवळ अदृश्य असतात. खूण एकच, वर ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे. पर्यटकांना तो कचरा वाटतो. त्या ओळीच्या जवळही जाऊ नये. जाळी कुठे आहेत, खुंट कुठे आहेत, उतार कुठे तुटतो हे सगळे ज्याला पाठ असते तो माणूस काठावर होडी दुरुस्त करत बसलेला असतो. मगरीबद्दल विचारण्याऐवजी त्याला हे विचारावे.

धरणाच्या भिंतीजवळ पोहायला बंदी का असते?

‘पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक सगळीकडे असतो, कारण कुठेच लिहिलेले नसते. माझ्या मते फलक दुर्लक्षित राहण्याचे हे मोठे कारण आहे. कारण सांगितले तर लोक जास्त ऐकतात. तर ते कारण असे.

धरणाच्या भिंतीत किंवा तिच्याजवळच्या मनोऱ्यात पाणी सोडण्याची दारे असतात, ती पाण्याखाली असतात. पाच मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ४९ किलोपास्कलने जास्त असतो. आता एक चौरस फुटाचे तोंड धरा, ज्याच्या पलीकडे मोकळी हवा आहे. त्या तोंडावर एखादे शरीर ओढले जाऊन बसले तर त्याला दाबून धरणारे बल साधारण साडेचारशे किलो वजनाइतके भरते. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्यातून सुटू शकत नाही आणि वरून चार जणांनी ओढूनही उपयोग होत नाही. दार बंद करून दाब समान करणे हा एकच मार्ग असतो. पृष्ठभागावर मात्र पाणी शांत दिसते. लहान पाझर तलावांच्या आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्यांजवळही हीच गोष्ट लहान प्रमाणात घडते.

फुगवट्याच्या काठाने शेतीपंपांच्या मोटारी आणि केबल पसरलेल्या असतात, तो दुसरा धोका. केबलचे वेष्टण कुठे सोलले असेल तर आसपासच्या पाण्यात वीज उतरते. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचे शरीर विजेचे अधिक चांगले वाहक आहे, त्यामुळे प्रवाह शरीरातून जातो, स्नायू आखडतात आणि माणूस शब्दही न काढता बुडतो. पाण्यात अंगाला मुंग्या आल्यासारखे वाटले तर पुढे जाऊ नका, ज्या बाजूने आलात तिकडे परत फिरा आणि बाकीच्यांना बाहेर काढा. बुडालेल्याला वाचवायला लगेच उडी घेणारा दुसराही अशा ठिकाणी जातो. आधी वीज बंद करणे भाग आहे.

शेततळे आणि खाणीतले पाणी सर्वांत फसवे का?

कारण त्यांना काठच नसतो. तलावाला निदान एका बाजूला उथळ उतार असतो, दमला तर माणूस तिकडे टेकतो. दगडखाणीत उभ्या कड्यांच्या मध्ये पाणी साठलेले असते. पहिल्याच पावलाला खोली सुरू होते आणि चढायला जागा एखादीच, तीही पलीकडच्या टोकाला. पुणे, नवी मुंबई परिसरात वस्त्या आता अशा जुन्या खाणींना टेकल्या आहेत.

शेततळ्याचा विषय यापेक्षा गंभीर आहे, कारण ते घराजवळ असते आणि तिथे मुलेच जास्त जातात. दुष्काळी भागात शेततळ्यांनी शेती तगवली, यात वाद नाही. पण पाणी झिरपू नये म्हणून त्यात अंथरलेला जाड प्लास्टिकचा कागद हाच सापळा ठरतो. बाजूंचा उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असतो. ४५ अंशांच्या उतारावर न घसरता उभे राहायचे तर घर्षणगुणांक किमान १ लागतो. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकचा तो याच्या आसपासही नसतो. म्हणजे पोहता येणारा माणूसही पोहत कडेपर्यंत येतो, पण वर चढू शकत नाही. हात टेकवावा तर घसरतो, नख रुतवायला जागा नाही. दमेपर्यंत तो कडेला घसरत राहतो. एक जण घसरला म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी आई किंवा वडील, असे एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या नगर, नाशिक, सोलापूर, संभाजीनगरकडून दरवर्षी येतात.

उपाय महागडा नाही. चारही बाजूंना खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला जाड दोर, त्याला हातभर अंतराने गाठी. ट्रॅक्टरचे जुने टायर दोराने ओवून शिडीसारखे उतारावर सोडले तर आणखी बरे. हवा भरलेली एक ट्यूब कायम पाण्यावर आणि भोवती कुंपण. कागदावर लाखभर रुपये खर्च करणाऱ्याने दोरासाठी हजार रुपये बाजूला काढावेत, एवढी अपेक्षा फार नाही.

मग मगरीचे काय? ती नसतेच का?

असते, पण ठरलेल्या ठिकाणी. महाराष्ट्रात आढळते ती गोड्या पाण्यातली मगर. सांगली परिसरातील कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री ही तिची माहितीतली ठिकाणे. मुंबईत पवई आणि विहार तलावात ती आहे आणि कोट्यवधींच्या शहरात टिकून आहे. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून रात्री चालत निघालेल्या मगरीचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. पुराच्या काळात मगरी मूळ जागा सोडून नाले, शेते, तळी गाठतात, त्यामुळे ‘इथे कधीच नव्हती’ या उत्तरावर पावसाळ्यानंतर पूर्ण विसंबू नये.

मगर पाठलाग करून शिकार करत नाही, दबा धरते. ती काठाजवळच्या उथळ पाण्यात, फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून थांबते. म्हणून धोका खोल पाण्यात कमी आणि काठावर जास्त. कपडे धुणारे, जनावरे धुणारे, वाकून पाणी भरणारे, मासे साफ करणारे यांच्यावर हल्ले होतात ते यामुळेच. रोज त्याच वेळी त्याच दगडावर बसणे तिला सोयीचे पडते. हिवाळ्यात ती ऊन खायला काठावर येते, तेव्हा दिसते. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडतात. या काळात ती घरट्याजवळ आलेल्याला सहन करत नाही.

मगर असलेल्या पाण्यात पोहायचे कसे, याचे उत्तर ‘पोहायचे नाही’ हेच आहे. काठावर काम असेल तर अंधारात आणि तिन्हीसांजेला टाळा, एकटे जाऊ नका, कुत्रा सोबत नेऊ नका, मटण-मासळीचे उरलेले पाण्यात टाकू नका. मगर दिसली तर दगड मारू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे, तिला मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे. पकडलेच तिने, तर ओढाताण करण्यापेक्षा डोळ्यांवर जोराने वार करणे हा तज्ज्ञ सांगतात तो शेवटचा उपाय.

पाण्यात दिसणारे साप विषारी असतात का?

बहुतेक वेळा नाही. तलावात डोके वर काढून फिरणारा साप सहसा दिवड किंवा विरोळा असतो. तो बिनविषारी आहे, पण चिडका आहे आणि डिवचला तर चावतो. मात्र नाग आणि घोणसही पोहू शकतात, म्हणून ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. साप चावला तर चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, घट्ट आवळपट्टी बांधणे हे सगळे टाळून रुग्णाला न चालवता रुग्णालयात न्यावे. जळू लागली तर ती जाळू नका, नखाने तिचे तोंड बाजूला सरकवा आणि जखम धुवा.

डोळ्यांना न दिसणारे जीव किती घातक?

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्या आल्या. नाव चित्रपटासारखे असले तरी आजार खरा आहे. नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात आणि तळाच्या गाळात राहतो. पाणी पोटात गेले तर काही होत नाही, नाकातून जोराने वर गेले तर तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाला तर ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात. कोझिकोड जिल्ह्यातला एक १४ वर्षांचा मुलगा २०२४ मध्ये वाचला, लवकर निदान आणि उपचार यामुळे. भर उन्हाळ्यात तळाला गेलेल्या कोमट तळ्यात सूर मारू नये, गाळ ढवळू नये, डोके पाण्याबाहेर ठेवावे किंवा नाकाला क्लिप लावावी. पोहल्यानंतर पुढच्या दहा-बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठ होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना ‘तलावात पोहलो होतो’ हे आवर्जून सांगावे. त्याशिवाय त्यांचे लक्ष तिकडे जाणार नाही.

महाराष्ट्रात यापेक्षा नेहमीचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला जीवाणू त्वचेवरच्या जखमेतून शिरतो. अंगावर ओली जखम असेल तर पावसाळ्यात तळ्यात उतरू नये. आणि पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली, वास येत असेल, तर ते विषारी असू शकणारे नील-हरित शैवाल आहे. तिथे स्वतःही जाऊ नका आणि कुत्र्यालाही पाणी पिऊ देऊ नका.

बुडणारा माणूस ओरडतो का?

सहसा नाही, आणि इथेच सर्वाधिक जीव जातात. चित्रपटात बुडणारा हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात ओरडायला श्वास लागतो आणि त्याचे तोंड श्वास घेण्यापुरतेही वर राहत नसते. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून हे दाखवून दिले. माणूस उभ्या स्थितीत असतो, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतो, डोके मागे झुकलेले, तोंड वरखाली होत असते. हे फक्त २० ते ६० सेकंद चालते. दुरून पाहणाऱ्याला तो खेळतोय असे वाटते. चार मित्रांपैकी तिघे मोबाइलवर शूटिंग करत असताना चौथा असाच समोर बुडतो. म्हणून सगळे पाण्यात असताना एकाने काठावर, फोन खिशात ठेवून, फक्त मोजत बसावे. तीन आहेत, चार आहेत, एवढेच. दारू घेतलेल्याला ही जबाबदारी देऊ नये आणि पाण्यातही उतरू देऊ नये.

कोणी बुडताना दिसले तर उडी मारू नये, हे वाचायला निर्दय वाटते. पण घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या खांद्यावर चढतो, ती त्याची प्रतिक्षिप्त क्रिया असते. प्रशिक्षितांनाही पाणी सोडत नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवानांचा मृत्यू झाला होता.

उडी न मारता काय करता येते, याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पेरंबलूर जिल्ह्यातील कोट्टरै धरणावर चार तरुण पाण्यात पडले. काठावर कपडे धुणाऱ्या तीन महिलांनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांच्याकडे फेकल्या आणि दोघांना बाहेर ओढले. दोघे वाचले नाहीत. राज्य सरकारने या महिलांना कल्पना चावला पुरस्कार दिला.

साडी, ओढणी, दोर, लांब बांबू, गाडीची स्टेपनी, काहीही चालते. सर्वांत सोपी वस्तू बहुतेक सहलींत सोबत असते, पाण्याचा रिकामा जार किंवा तेलाचा पाच लिटरचा कॅन. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा कॅन जवळपास पाच किलोचा उचल देतो. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच, तोंड वर ठेवायला त्याला काही किलोंचाच आधार लागतो. कॅनमध्ये दोन पेले पाणी ठेवले तर तो नीट फेकता येतो, दोर बांधला तर ओढताही येतो. ओढताना स्वतः काठावर आडवे झोपा, म्हणजे तुम्ही आत जाणार नाही. हे चालू असतानाच दुसऱ्या कोणीतरी ११२ ला फोन लावावा. धरणांच्या खोऱ्यात रेंज जाते, म्हणून उतरण्यापूर्वीच फोन लागतो का ते पाहून ठेवावे.

बाहेर काढल्यानंतर पोटातले पाणी काढायचे का?

नाही. उलटे टांगणे, पोटावर दाबणे, खांद्यावर घेऊन धावणे, चाकावर फिरवणे यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. मृतदेह मिठाच्या ढिगात ठेवला की काही तासांनी जीव परत येतो, असा मेसेज अजूनही फिरतो आणि त्यावर विश्वास ठेवून कुटुंबांनी तसे केल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याला कोणताही आधार नाही.

बुडालेल्या माणसाला कमी पडलेली गोष्ट ऑक्सिजन आहे. त्यामुळे श्वास बंद असेल तर पाठीवर झोपवून, हनुवटी वर उचलून, नाक दाबून आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाब आणि दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत सुरू ठेवावे. मोठ्या माणसात दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. फेस आला तरी तो पुसत बसू नये. सूर मारून जखमी झालेला असेल तर उचलताना डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवावी.

शुद्धीवर आलेला, बोलू लागलेला माणूसही थेट घरी नेऊ नये. फुप्फुसात गेलेल्या थोड्या पाण्याचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल नेहमीपेक्षा जास्त गुंगीत असेल तर १०८ च्या रुग्णवाहिकेने ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टर सोडत नाहीत तोवर तिथेच ठेवावे.